परिषदेला कोणाला पाठवायचं, आणि पैसे आधी द्यायचे की नंतर?

बेंबळाकाठ

नमस्कार मंडळी,

बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेचे काही माजी विद्यार्थी दरवर्षी गावासाठी थोडेफार पैसे काढतात. आजवर वाचनालयाचे पंखे, दहावीच्या पोरांना गाइडं, पाण्याचा फिल्टर असं चाललं. यंदा दीड लाख जमलेत, पंखे सगळे फिरताहेत, तेव्हा आमच्यातल्या एकाने वेगळंच काढलं. विज्ञान सोपं करून सांगणारी जी नवी पोरं-पोरी आपल्या भागात आहेत, त्यांना एखाद्या मोठ्या परिषदेला जाता यावं म्हणून शिष्यवृत्ती द्यायची.

हे सुचलं ते एका मुलीमुळे. बी.एस्सी. झालेली, घरी पऱ्हाटी, म्हणजे कापूस. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती शेतात उभी राहून मोबाइलसमोर हिरवं बोंड नखानं फोडते, आतली गुलाबी अळी काडीवर घेते आणि म्हणते, "बाहेरून पाहा कसं गुटगुटीत दिसून रायलं. आता आतमंदी पाहा." डोमकळी, म्हणजे अळी शिरल्यानं न उमललेली कळी, कशी ओळखायची, कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरच औषधाचा विचार करायचा, त्याआधी निंबोळी अर्क, आणि फवारताना तोंडाला नुसता दुपट्टा बांधून भागत नाही, हे सगळं वऱ्हाडीत. औषधं विकणारे काही कृषी केंद्रवाले तिच्यावर डूख धरून आहेत, यातच काय ते समजा. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आमच्या यवतमाळ जिल्ह्यात जी माणसं गेली ती आम्ही विसरलेलो नाही.

प्रश्न असा की एकालाच लांब, जमलं तर देशाबाहेर पाठवावं, की पाच-सहा जणांना पुण्या-मुंबई-दिल्लीपर्यंत? निवड कशी करावी? पैसे कसे द्यावेत? माझा कल एकालाच पण लांब पाठवण्याकडे आहे. ज्यांनी अशा परिषदा पाहिल्यात त्यांनी लिहा. ज्यांनी पाहिल्या नाहीत ते तसेही लिहिणारच.

कच्चा_चिवडा

गावात पैसे जमले, कोणी खाल्ले नाहीत, वरून ते कुठे खर्चायचे म्हणून विचारून रायले! तुमच्या गावात एखादी खोली किरायानं भेटन काय?

खारपाण

विरोधी मत मांडतो, राग नसावा.

परिषद म्हणजे काय असते हे मी जवळून पाहिलं आहे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, उद्घाटनाचं भाषण लांबतं आणि ज्याला दहा मिनिटं दिलेली असतात त्याची तीन होतात. मग जेवणाची रांग. तुमची ती मुलगी तिथे जाऊन काय करणार? तिचा श्रोता बाभुळगावात आहे. तिला चांगला माइक द्या, ट्रायपॉड द्या, वर्षाचं रिचार्ज मारून द्या. उरलेल्या पैशांत माती-पाणी तपासायचं साहित्य घ्या.

आमच्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेच पाणी. ते खारं का, ते पिऊन काय होतं, ओलिताला वापरलं तर जमीन कशी चिकट होते, हे लोकांना समजेल असं सांगणारा माणूस आम्हाला हवा आहे. तो विमानात बसला काय न बसला काय, आमच्या विहिरीला काय फरक पडतो?

शेवंती_वर्धा

खारपाण, अर्धं पटलं. शाल-श्रीफळ तर अगदीच.

पण मी जानेवारी २०२३ ची नागपूरची इंडियन सायन्स काँग्रेस पाहिली आहे. १०८ वी, तुकडोजी महाराज विद्यापीठात. आम्ही ज्युनिअर कॉलेजची पोरं घेऊन गेलो होतो. त्यात शेतकऱ्यांची वेगळी सायन्स काँग्रेस होती, आदिवासींची वेगळी. गर्दी म्हणाल तर पोळ्याच्या बाजारासारखी. भाषणं मला फारशी ऐकूच आली नाहीत, मंडपात आवाज घुमत होता.

तरी मला जे मिळालं ते एका स्टॉलवर. कापसावर काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञ बाई चहाचा कप हातात घेऊन उभ्या होत्या. मी विचारलं, आमच्याकडचे शेतकरी म्हणतात बीटी, म्हणजे अळीसाठीचं विष झाडातच असलेला कापूस, आता चालतच नाही, खरं काय? त्यांनी बसवून घेतलं. बीटीनं कोणत्या अळ्या अजूनही आवरतात, गुलाबी अळी त्या विषाला कशी सरावली, हंगाम लांबवून जुन्याच झाडांवर पुन्हा पीक, म्हणजे फरदड, घेतली की तिला वर्षभर खायला कसं मिळतं, सगळं सांगितलं. जाताना नंबर दिला. आजही काही अडलं की मी त्यांना मेसेज करते. कधी लगेच उत्तर येतं, कधी आठ दिवसांनी, पण येतं.

गावात विज्ञान सांगणाऱ्याची खरी अडचण माइकची नसते. आपण बोललो ते बरोबर आहे का, हे विचारायला कोणी नसतं. व्हॉट्सॲपवर एकदा चुकीचं गेलं की ते परत आणता येत नाही. परिषदेतून असा एक नंबर जरी मिळाला तरी भाडं वसूल.

खारपाण

नंबर नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेत जाऊनही मिळाला असता. यवतमाळहून एसटी आहे.

आणि ज्या सायन्स काँग्रेसचं तुम्ही सांगताय ती २०२४ ला भरलीच नाही. १९१४ पासूनची परंपरा, पण पैशांवरून आणि जागेवरून वाद झाले न् राहिली. तेव्हा धागाकर्त्याने शिष्यवृत्ती द्यायचीच तर ती एखाद्या परिषदेच्या नावाने बांधू नये. माणसाच्या नावाने द्या, तो ठरवेल कुठे जायचं ते.

शेवंती_वर्धा

एसटी आहे, खरं. गेटवर वॉचमन पण आहे. "कोणाकडे काम हाय, चिठ्ठी आणली काय?" तिथून बी.एस्सी. झालेली पोरगी परत फिरते. चहाच्या स्टॉलवर चिठ्ठी लागत नाही.

माणसाच्या नावाने द्यावी, याला मात्र +१.

तिसरा_डबा

धागाकर्ते, पहिल्या दोन प्रश्नांवर लोक भांडतील. मी फक्त तिसऱ्यावर लिहितो, कारण त्याचे चटके मी खाल्ले आहेत. पैसे आधी द्या.

मला एकदा एका संस्थेकडून दिल्लीच्या एका कार्यशाळेसाठी "पूर्ण प्रवास शिष्यवृत्ती" मिळाली होती. संस्थेचं नाव सांगत नाही, तिथली माणसं वाईट नव्हती. गावात सत्कार झाला, पेपरात फोटो आला. मग पत्र नीट वाचलं तर त्यात लिहिलेलं, खर्च आधी स्वतः करावा, मूळ बिलं सादर केल्यावर प्रतिपूर्ती होईल. वडिलांनी पतसंस्थेतून उचलून दिले.

परत आल्यावर बिलं पाठवली. पहाडगंजच्या लॉजवाल्याने साध्या कागदावर शिक्का मारून दिलेलं बिल होतं, त्यावर जीएसटी नंबर नाही म्हणून ते नामंजूर. स्टेशनापासूनच्या रिक्षाची पावती मागितली. दिल्लीचा रिक्षावाला पावती देतो काय? मग लेखा विभागातले साहेब रजेवर, मग मार्चअखेर. पैसे आले तोवर पतसंस्थेचं व्याज भरून झालं होतं. आणि गावात मी "फुकट दिल्लीला जाऊन आलेला" म्हणूनच ओळखला जातो.

ज्याच्या घरी पगार येतो त्याला प्रतिपूर्ती चालते. ज्याच्या घरी कापूस विकल्यावर पैसा येतो त्याच्यासाठी ती शिष्यवृत्ती नाही, बिनव्याजी कर्ज आहे, आणि ते आपणच संस्थेला दिलेलं.

तर, तिकीट तुम्ही काढून हातात द्या. राहायची सोय तुम्ही बोलून ठेवा. वरखर्चाला रोख किंवा फोनपे, आणि त्याचा हिशेब मागू नका. दीड लाखातले हजार-दोन हजार कुठे चहात गेले तर जाऊ द्या.

कच्चा_चिवडा

हिशेब नका मागू पण सावजीचं बिल आलं तं समजून घ्या.

बेंबळाकाठ

तिसरा_डबा, हे सोन्यासारखं लिहिलंत. प्रतिपूर्ती बाद. आमच्यातल्या सीए मित्राला आत्ताच कळवलं, तो थोडा कळवळला.

पूर्वीची_यवतमाळकर

बाहेरच्या परिषदांबद्दल लिहिते. मी आता पुण्यात आहे आणि याच क्षेत्राच्या कडेकडेने काम करते.

विज्ञान सांगणाऱ्यांच्या म्हणून ज्या जागतिक परिषदा भरतात त्यात दोन मोठ्या. एक विज्ञान पत्रकारांची जागतिक परिषद. ती २०१९ ला लोझानला झाली, २०२३ ला कोलंबियात मेदेयिनला, २०२५ ला दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला. दुसरी पीसीएसटी, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान लोकांपर्यंत पोहोचवण्यावरची, तिच्यात संशोधक आणि प्रत्यक्ष काम करणारे दोन्ही येतात. ती २०१० साली आपल्या दिल्लीत झाली होती, अलीकडची २०२५ ला स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला. दोन्हीकडे विकसनशील देशांतल्या लोकांसाठी मदत असते, पण जागा मोजक्या आणि अर्ज जगभरातून.

त्यातही दोन प्रकार नीट वेगळे ओळखा, पूर्ण शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफी. शुल्कमाफी म्हणजे फक्त नोंदणीचे पैसे माफ. विमान, राहणं, जेवण, व्हिसा तुमचा. पत्रात "अभिनंदन" दोन्ही प्रकारांत सारखंच असतं. बऱ्याच जणांना शुल्कमाफी मिळते आणि ते जाऊच शकत नाहीत. तुमच्या दीड लाखाचा उपयोग करायचाच तर इथे करा. ज्याला मदत मिळाली आहे पण बाकी खर्चाची तूट उरली आहे, ती भरून काढा.

आता व्हिसा. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरण मागतात. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून शेतकऱ्याच्या घरात विवरण भरलेलंच नसतं. खात्यात पीककर्ज आलेलं आणि गेलेलं दिसतं. खिडकीवरच्या माणसाला त्यावरून वाटतं की ही मुलगी परत येणार नाही. एका मुलीला असाच नकार आलेला मी पाहिला आहे, तिकीट काढून झालं होतं. तेव्हा पहिलीच वारी बाहेरची नको. आधी देशातली एखादी, तिथे लोक ओळखतात, शिफारसपत्र मिळतं, मग बाहेर.

आणि योजनांतल्या "उदयोन्मुख" शब्दाला भुलू नका. केंद्राची 'अवसर' नावाची योजना २०१८ ला सुरू झाली, संशोधनावर सोप्या भाषेत लिहिण्यासाठी बक्षिसं, योजना चांगलीच. पण ती पीएचडी करणाऱ्यांसाठी आणि त्यानंतरच्या संशोधकांसाठी. बोंड फोडून दाखवणारी बी.एस्सी. मुलगी त्यात बसत नाही. अशा चौकटीत न बसणाऱ्यांसाठीच तुमचा निधी असला तर त्याला अर्थ आहे. बाकीच्यांना विचारणारे बरेच आहेत.

निंबोळी_५_टक्के

वाचनखूण साठवली. आयटीआरचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता.

झाडीतला_मास्तर

मी सिंदेवाही भागातला. एक प्रसंग सांगतो, मुद्द्याशी जोडलेला आहे, थोडा धीर धरा.

२०२२ चा गुढीपाडवा, २ एप्रिल. संध्याकाळी आकाशातून जळते तुकडे ओळीनं जाताना सगळ्यांनी पाहिले. रात्री लाडबोरी गावात शेतात एक धातूचं रिंगण पडलं, माणसापेक्षा मोठं, आणि आजूबाजूच्या भागात धातूचे गोळेही सापडले. त्या रात्री व्हॉट्सॲपवर काय काय आलं म्हणता! क्षेपणास्त्र, उडती तबकडी, पाडव्याला देवानं दिलेला कौल. रिंगण पोलीस स्टेशनला नेलं तर तिथे पाहायला रांग.

त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्यातले हौशी आकाशनिरीक्षक बोलले म्हणून बरं. हे उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटचे अवशेष असणार, घाबरू नका, पण हातही लावू नका, कारण आत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पुढे ते चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा तुकडा असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. माझ्या वर्गातल्या पोरांनी सोमवारी विचारलं, "गुर्जी, ते आपल्याच गावात काहून पडलं?" तेव्हा कक्षा म्हणजे काय, वातावरणात शिरताना जळतं म्हणजे काय, हे मी फळ्यावर काढून दाखवलं. त्या दिवशी कोणी झोपलं नाही वर्गात.

खारपाण, तुमचा श्रोता गावात असतो हे खरं. पण हे बोलायला शिकलेला माणूस गावात आधीपासून तयार लागतो. तो कुठेतरी जाऊन, चार लोकांत मिसळून तयार होतो. रिंगण पडल्यावर अर्ज मागवून चालत नाही.

खारपाण

मास्तर, रिंगणापुढे मी काय बोलणार. पण ते आकाशनिरीक्षक कोणत्या परिषदेला गेले म्हणून बोलू शकले का? गच्चीवर दुर्बीण लावून शिकले. विरोध सौम्य करतो, मागे घेत नाही.

फणा_काढून

सर्पमित्रांचा कोणी विचार करणार आहे का? विज्ञान संवादक म्हणजे फक्त शिकलेलेच काय? मी दहावी नापास आहे. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी ओळखायला मी शाळाशाळांत शिकवतो. चावला तर मांत्रिकाकडे नाही, सरकारी दवाखान्यात. साप मारून पिशवीत घेऊन जायची गरज नाही, कारण आपल्याकडचं इंजेक्शन या चारही सापांवर चालते. दोर करकचून बांधू नका, चिरा मारू नका. पावसाळ्यात रोज तेच सांगतो. तुमच्या परिषदेत असं सांगणाऱ्याला जागा असते काय?

शेवंती_वर्धा

दादा, असायलाच पाहिजे. तुम्ही अर्ज करा.

गावंडे_गुर्जी

थांबा. सर्पमित्रांबद्दल आदर ठेवून बोलतो. आमच्याकडे एक "मित्र" आहेत, नाग गळ्यात घालून रील काढतात, फण्याचा मुका घेतात. पोरं पाहतात, दुसऱ्या दिवशी धामण पकडायला जातात, आणि एखाद दिवशी ती धामण नसते. साप वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, त्यांच्याशी असा खेळ गुन्हा आहे. उद्या शिष्यवृत्तीच्या पैशातून असा माणूस दिल्लीत टोपलीतून नाग काढेल आणि पेपरात नाव गावाचं येईल.

फणा_काढून

गुर्जी, मुका घेणाऱ्याले मी सर्पमित्र म्हणत नाही. माझ्या शाळेतल्या कार्यक्रमात जिवंत साप कधीच नसतो, चित्रं असतात. येऊन पाहा.

गावंडे_गुर्जी

मग तुम्हाला माझं पहिलं मत. निवड समितीने एवढंच करावं, अर्जदाराचा एक कार्यक्रम तिथे जाऊन पाहावा, न सांगता. कागदावर सगळेच वैज्ञानिक दृष्टिकोनाचे असतात.

कच्चा_चिवडा

धागा बोंडअळीवरून सापावर आला. आता बिबट्या कधी येतो ते पाहून रायलो.

मेळघाटी

बिबट्या नाही, पण अर्जाच्या भाषेवर येते.

आमच्याकडे कोरकू बोलतात. एक आशाताई, म्हणजे गावातली आशा सेविका, आहे, ती सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल कोरकूत अशी समजावते की ऐकत राहावं. लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून का घ्यायचं, दोघंही वाहक असतील तर प्रत्येक लेकरामागे चारातला एक धोका असतो, हे ती चार बिया हातावर घेऊन दाखवते. एक बी काळी, तीन पांढऱ्या. डोळे मिटून उचल म्हणते. आणि मग सांगते की उचललेली बी परत टाकायची, दर खेपेला नव्यानं उचलायची, म्हणजे पहिलं लेकरू बरं निघालं म्हणून दुसऱ्याचा धोका कमी-जास्त होत नाही. मी एम.एस्सी. आहे, मला हे इतकं नीट सांगता येत नाही.

तिला इंग्रजीत अडीचशे शब्दांचा सारांश, दोन शिफारसपत्रं आणि बायोडेटा मागितला तर ती अर्जच करणार नाही. तुम्ही अर्ज आवाजात घ्या. दोन-तीन मिनिटांचा रेकॉर्ड केलेला मेसेज, ज्या भाषेत ती बोलते त्या भाषेत. कोरकू, गोंडी, कोलामी, वऱ्हाडी, काहीही. समजून घ्यायला कोणी ना कोणी सापडतं. इंग्रजी सारांश पुढे परिषदेला लागलाच तर तो लिहून द्यायची जबाबदारी निधीची.

अजून एक. तिला एकटीला पाठवताय? सोबतीचं तिकीट धरा. घरच्यांचा विश्वास वगैरे लांबची गोष्ट, तिला दीड वर्षाचं लेकरू आहे. ते कोण धरणार, दिल्लीचे प्राध्यापक?

निंबोळी_५_टक्के

सोबतीचं तिकीट म्हणजे सरळ दुप्पट खर्च. दीड लाखात मग दोनच माणसं होतील हो.

मेळघाटी

होऊ द्या दोनच. नाहीतर दरवर्षी पाच जागा आणि पाचही जागांवर बिनालेकराचे पुरुष, असं होतं. बऱ्याच ठिकाणी पाहा तुम्ही.

पूर्वीची_यवतमाळकर

मेळघाटी, अगदी. आवाजातल्या अर्जाला माझ्याकडून दोन हात वर. इंग्रजी सारांश लिहून द्यायला मी बसते, निरोप टाका.

अवांतर : नारळीकर सर सही मागणाऱ्या मुलांना सही देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव म्हणत, उत्तराखाली सही यायची. तुमचा अर्जही तेवढाच ठेवा. लोक तुम्हाला काय विचारतात आणि तुम्ही काय सांगता, एवढं एका कार्डावर मावेल तेवढं.

विज्ञानवारी

कोणीच अजून मराठी विज्ञान परिषदेचं नाव घेतलं नाही म्हणून येतो. १९६६ पासूनची संस्था, दरवर्षी वेगवेगळ्या गावी अधिवेशन भरतं आणि सगळं मराठीत चालतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला याहून सोपं काही नाही. भाषेचा धसका नाही, व्हिसा नाही, नोंदणी परवडते, आणि इतर जिल्ह्यांत असंच काम करणारी माणसं भेटतात. धागाकर्ते "एकालाच पण लांब" म्हणतात. मी म्हणेन पहिल्या वर्षी चार-पाच जण, रेल्वेनं, मराठीत. त्यातून जो खरंच पुढे जाईल त्याच्यामागे दुसऱ्या वर्षी यवतमाळकर ताईंनी सांगितलेली तूट भरा.

आणि एकेकटे नको, दोघं-तिघं मिळून पाठवा. एकटा माणूस जेवणाच्या रांगेत भिंतीला टेकून उभा राहतो आणि परत येतो.

झाडीतला_मास्तर

सहमत. फक्त तारखा पाहा. यातले बरेच मेळावे नोव्हेंबर ते जानेवारीत असतात. तेव्हा तुमच्याकडे कापसाची वेचणी आणि आमच्याकडे धानाची कापणी-मळणी. वेचणीला मजूर मिळत नाही, घरची पोरगी चार दिवस गेली तर तिच्या जागी बाई लावावी लागते. त्या बाईची मजुरी शिष्यवृत्तीत धरा. हसू नका, शहरातल्या माणसाला भरपगारी रजा असते, ही तिची रजा समजा.

आणि जि.प. शिक्षक असेल तर रजा मंजूर करून घेण्यातच परिषद संपते. निधीतर्फे गटशिक्षणाधिकाऱ्यांना एक विनंतीपत्र आधीच द्या, लेटरहेडवर. लेटरहेड नसेल तर छापून घ्या. त्याला फार वजन असतं.

तिसरा_डबा

मजुरीचा मुद्दा भारी.

आता एक काडी टाकतो. परत आल्यावर काय? अट घालायची का, की वर्षभरात दहा गावांत कार्यक्रम केलेच पाहिजेत?

गावंडे_गुर्जी

घालावीच. लोकांच्या खिशातले पैसे आहेत. ग्रामसभेत उभं राहून सांगावं, काय पाहिलं, काय आणलं. नाहीतर ती सहल.

मेळघाटी

माझ्या मते अजिबात नाही. ही माणसं आधीच कार्यक्रम करताहेत, फुकट, म्हणून तर तुम्हाला ती दिसली. दहाची अट घातली की आशाताई अकरावा करणार नाही आणि दहांचे फोटो काढत बसेल. अहवाल लिहिण्यात तर कोणाचंही भलं झालेलं मी पाहिलं नाही.

गावंडे_गुर्जी

फोटो नको, अहवाल नको. ग्रामसभेत एकदा बोलणं, एवढं तरी?

मेळघाटी

एकदा चालेल. त्यातही लोकांनी प्रश्न विचारायचे, नुसत्या टाळ्या नको.

खारपाण

मी चिडका म्हणून प्रसिद्ध झालोच आहे, तर अजून एक विचारतो. धाग्यात एवढे लोक बोलले. त्या मुलीला कोणी विचारलं का, तिला जायचंय की नाही?

बेंबळाकाठ

काल संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आलो. ती ज्वारीला पाणी देऊन नुकतीच आली होती. सगळा धागा तिला मोबाइलवर वाचून दाखवला. सापाच्या भागाला खूप हसली.

मग तिनं मलाच विचारलं, "तिथं बोलाले भेटन की नुसतं आयकाचं?" मी म्हटलं, बहुतेक ऐकायचंच, फार तर भित्तिपत्रक लावता येईल. ती म्हणाली, "मंग एवढ्या लांब कायले? आयकाचं तं यूट्यूबवर बी आयकतो. मले बोंड घेऊन जाता आलं पाह्यजे."

म्हणजे निवड करताना परिषदही निवडायची. जिथे आपल्या माणसाला दहा मिनिटं का होईना उभं राहून दाखवायला मिळेल, तिथेच पाठवायचं. आयोजकांना आधीच विचारायचं. हा मुद्दा या धाग्यात मास्तरांपासून ताईंपर्यंत कोणाच्या तोंडून आला नाही, तिच्या आला.

तिची दुसरी मागणी खारपाणरावांना आवडेल. परिषदेला जाण्याआधी एक दिवस नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेत नेऊन आणा म्हणाली. शेवंतीताई, तुमच्या त्या शास्त्रज्ञ बाईंना विचाराल का? गेटवर चिठ्ठी लागते असं तुम्हीच लिहिलंय.

खारपाण

आवडली. माइकचे पैसे मी देतो. निधीतून नाही, माझ्या खिशातून.

शेवंती_वर्धा

मेसेज टाकला बाईंना. आठ दिवस धरा.

पूर्वीची_यवतमाळकर

बोंड घेऊन जायचं असेल तर परदेशी परिषद आपोआप बाद. विमानतळावर कच्चं बोंड आणि आत जिवंत अळी, कोणताच देश आत येऊ देणार नाही. देशातही अळी जिवंत नेऊ नये, मेलेली छोट्या बंद बाटलीत न्यावी. मात्र ती बाटली रेल्वेत सामानात नीट ठेवा, सोबत्यांना आधी सांगून ठेवा.

कच्चा_चिवडा

सांगू नका. डबा आपोआप रिकामा होईन, आरामात झोपता येईन.

बेंबळाकाठ

तर सध्या असं ठरवतोय. पहिल्या वर्षी चौघं, देशातच, जिथे बोलायला मिळेल तिथे. आशाताईंसाठी सोबतीचं तिकीट वेगळं. पैसे आधी. वेचणीच्या दिवसांत गेलं तर बदली मजुरी. अर्ज आवाजात किंवा एका पोस्टकार्डावर. निवडीआधी प्रत्येकाचा एक कार्यक्रम न सांगता पाहायचा, त्यासाठी गावंडे गुर्जींना मोटरसायकल आणि पेट्रोल देतो. परत आल्यावर एक ग्रामसभा, अहवाल नाही. दीड लाखात हे सगळं बसेल की नाही ते सीए मित्र सांगेल, तो अजून प्रतिपूर्तीवरच अडून आहे.

फणाभाऊ, तुमचा शाळेतला पुढचा कार्यक्रम कधी आहे ते सांगू नका, नाहीतर न सांगता पाहणं होणार नाही.

फणा_काढून

सांगत नाही. पण सोमवारी असतो.

तिसरा_डबा

एक व्यवहाराचं. रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, आणि विदर्भ एक्स्प्रेसची वेटिंग लिस्ट उघडल्या दिवशीच वाढते. तुमची निवड त्याआधी आठवडाभर तरी उरकलेली पाहिजे, आणि नावं आधार कार्डावर आहेत तशीच घ्या. चौघांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा, सोबतीचं पण त्यातच. सकाळी आठला मी बसतो काढायला, यवतमाळकर ताईंनी फक्त परिषदेच्या तारखा पक्क्या करून द्याव्यात.